जितलो, पण कोण?

वऱ्हाडी माणसाला दणदणीत विजयाचं फार कौतुक नाही. अमुक संघ दोनशे धावांनी जिंकला, तमुक नऊ गडी राखून जिंकला, अशी बातमी पानठेल्यावर कोणी मोठ्याने वाचली की खर्रा घोटणारा मान वर न करता विचारतो, "समोर कोण होतं मंग? लहान पोट्टे होते का?" मोठ्या विजयातून एवढंच सिद्ध होतं की समोरचा कच्चा होता. शेवटच्या षटकात, शेवटच्या जोडीला, बुडता बुडता जिंकलं की मात्र त्या विजयाला भाव येतो, कारण त्यात बोलायला जागा असते. कुठे हुकलं असतं, कोणी घालवलं असतं, कोणामुळे वाचलं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, हा विजय नेमका कोणाचा. थोडक्यात मिळालेला विजय आमच्याकडे साजरा होत नाही, त्याची मोजणी होते. शेताच्या धुऱ्यासारखी. दोन वावरांच्या मधला तो वीतभर मातीचा पट्टा. त्यात पिकत काही नाही, पण त्याच्यापायी दोन-दोन पिढ्या तहसीलच्या पायऱ्या झिजवतात.

मी राहतो मूर्तिजापुरात. अमरावतीहून अकोल्याला जाणारी माणसं जिथे चहाला उतरतात आणि अकोल्याहून अमरावतीला जाणारी जिथे झोपेतून दचकून "बडनेरा आलं का?" विचारतात, ते आमचं गाव. जिल्हा अकोला, विभाग अमरावती. त्यात लेक दिली अमरावतीत आणि सून आणली अकोल्याची. जवाईबुवा तिकडचे, इवाई इकडचे. धुरा म्हणतात तो मीच.

ही दोन शहरं एकमेकांकडे कशी पाहतात हे बाहेरच्याला लवकर कळत नाही. कृषी विद्यापीठ अकोल्यात झालं 1969 मध्ये आणि अमरावतीला विद्यापीठ मिळालं 1983 मध्ये. मधली चौदा वर्षं इवाई अजून बोटांवर मोजून दाखवतात. त्यावर जवाईबुवा विभागीय आयुक्तांचं कार्यालय काढतात, की इवाई गप्प. 2022 च्या जून महिन्यात या दोन शहरांमधल्या महामार्गाचं 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नाव लागलं. आधीचा विक्रम कतारचा होता. आता, कतारला हरवल्याचा आनंद दोन्ही गावांनी मिळून करावा की नाही? पण पहिला वाद हा, की रस्ता अमरावतीहून अकोल्याला गेला का अकोल्याहून अमरावतीला आला. डांबर पडलं ते प्रत्यक्षात आमच्या आसपास, पण मूर्तिजापूरला कोण विचारतो! आणि 16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईचं विमान उतरलं, तेव्हापासून तर इवाई आभाळाकडे पाहायचंच टाळतात. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी लांबवायची गोष्ट ऐकता ऐकता आमच्या दोघांचेही केस पांढरे झाले.

तर अशा या गावांच्या मधोमध त्या मे महिन्यात आयपीएलची गुणतालिका येऊन पडली.

तालिका पाहणं हा मॅच पाहण्याहून निराळा छंद आहे. मॅचला डोळे लागतात, तालिकेला बोटं. संघ दहा, प्रत्येकाच्या चौदा मॅच, त्यातले चार पुढे जाणार. पण चारांतही प्रतवारी. "पयल्या दोघाइले हारल्यावरबी अजून एक चान्स," आमच्या ठेल्यावरच्या काकाजींनी एका नवख्याला समजावून सांगितलं. "तिसऱ्या-चौथ्याले हारला का सरळ घरी." नवखा म्हणाला, "म्हणजे ज्याले गरज नाई त्यालेच दोन डाव?" काकाजी म्हणाले, "मंग! जगात कुठी निराळं पाह्यलं तुनं?"

वर नेट रनरेट. हंगामभर तुम्ही षटकामागे किती धावा काढल्या, त्यातून षटकामागे किती दिल्या त्या वजा करायच्या. सगळे आधीच बाद झाले तरी षटकं मात्र पुरी वीस धरायची. हा प्रकार ज्याने शोधला त्याला वऱ्हाडात एकदा आणून त्याचा सत्कार करावा असं मला फार वाटतं. कारण दशांश चिन्हापुढचे तीन-तीन आकडे दहाही संघांचे पाठ असलेली माणसं आमच्या ठेल्यावर आहेत, आणि तीच माणसं उधारीचा आकडा विचारला की पंख्याकडे पाहतात.

त्या वर्षी हिशेब जास्तच गुंतला होता. सीमेवरच्या तणावामुळे स्पर्धा मध्येच आठवडाभर थांबली. 17 मे ला पुन्हा सुरू झाली तर बंगळुरूची मॅच पावसात वाहून गेली आणि दोन्ही संघांना एकेक गुण वाटून दिला. 23 ला बंगळुरू हैदराबादकडून हरलं. 25 ला गुजरातने चेन्नईकडून 83 धावांनी मार खाल्ला आणि 18 गुणांवर अडकून बसलं. 26 ला पंजाबने मुंबईला हरवून 19 केले. बंगळुरू 17 वर, एक मॅच हाती, 27 मे, लखनौच्या मैदानावर. जिंकलं तर 19 आणि पहिल्या दोघांत. हरलं तर तिसरं, म्हणजे एकच डाव. त्याच 26 तारखेला मान्सून मुंबईत दाखल झाला होता, कधी नव्हे इतका लवकर. पेरणी कधी धरावी, बियाणं आत्ताच घ्यावं का, असले जीवनमरणाचे प्रश्न समोर होते. ठेल्यावर मात्र चर्चा एकच, लखनौचं काय.

लखनौचं काहीच नव्हतं. ते स्पर्धेतून आधीच बाहेर झाले होते. अननुभवी माणूस म्हणेल, बरं झालं, सोपं गेलं. वऱ्हाडी माणसाला पक्कं ठाऊक असतं की ज्याचं काही जायचं राहिलं नाही त्याच्याशी मोजणीला उभं राहू नये.

आता बंगळुरूशी आमचा संबंध काय, असं कोणी विचारेल. तसा घरटी एक पोरगा तिकडे कंपनीत असतोच. पण खरा संबंध जितेश शर्माचा. जन्म अमरावतीचा, 22 ऑक्टोबर 1993. लहानपणी त्याला सैन्यात जायचं होतं आणि क्रिकेट त्याने शाळेत वाढीव गुण मिळतात म्हणून धरलं, असं त्यानेच सांगितलेलं आहे. ही मुलाखत अमरावतीच्या बापांच्या फार जिव्हारी लागली. वर्षानुवर्षं ते पोरांना सांगत आले, खेळ सोड, मार्क आण. आणि हा मार्क आणायला म्हणून गेला तो खेळच घेऊन आला. मुंबईच्या संघात होता तेव्हा एक मॅच वाट्याला आली नाही. 2022 साली पंजाबने 20 लाखांत घेतला आणि नोव्हेंबर 2024 च्या लिलावात बंगळुरूने 11 कोटींत. त्या रात्री अमरावतीत त्याच्या यष्टिरक्षणावर कोणी बोललं नाही. 11 कोटींत चांदूरबाजारकडे ओलिताचं किती एकर येईल, यावर बोलले. संत्र्याची झाडं धरून आणि न धरून असे दोन आकडे निघाले.

शिवाय त्या दोन-तीन दिवसांत तर तो कप्तान होता. रजत पाटीदारच्या बोटाला दुखापत होती, तो फलंदाजीपुरता मैदानात येत होता आणि नाणं उडवायला अमरावतीचं पोट्टं जात होतं. जवाईबुवांचा फोन आला तो याच वाक्याने सुरू झाला. "मामाजी, विराट कोहली सध्या अमरावतीच्या पोट्ट्याच्या हाताखाली खेळून रायला."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय मामाजी? जरा इवाईबुवाइच्या कानावर घाला."

हे माझं काम. दोघांकडे एकमेकांचे नंबर आहेत, पण सोयरपणाची रीत म्हणून आणि मतभेदाची सोय म्हणून सगळे निरोप मूर्तिजापूरवरून जातात.

आता मॅचच्या रात्रीची एक अडचण सांगतो. ती सगळ्यांची आहे, पण तिच्यावर कोणी लिहीत नाही. जवाईबुवांकडे टीव्ही आहे. इवाई फोनवर मॅच पाहतात. मी नातवाच्या फोनवर पाहतो, जो इवाईंच्याही मागे चालतो. म्हणजे एकच षटकार अमरावतीत आधी बसतो, मग अकोल्यात, आणि मूर्तिजापुरात तो येईपर्यंत पुढचा चेंडू पडून गेलेला असतो. शेजाऱ्यांची आरोळी ऐकायची आणि मग कशाबद्दल होती ते पाहायला बसायचं. जवाईबुवा याचा पूर्ण फायदा घेतात. इवाईंच्या पडद्यावर गोलंदाज अजून मिशी पुसतो आहे तोच यांचा निरोप येतो, "गेला न बॉल स्टँडात!" अमरावती अकोल्याच्या पुढे आहे याचा इतका रोकडा पुरावा आयुक्त कार्यालयातही मिळायचा नाही.

लखनौने आधी फलंदाजी केली. ऋषभ पंत. हंगामभर त्याची बॅट रुसली होती आणि तिला नेमकी त्याच रात्री मनवणी झाली. 61 चेंडूंत नाबाद 118. मिचेल मार्शच्या 67. एकूण 3 बाद 227. इवाईंचा फोन आला, आवाजात इतकी सहानुभूती की मला भीतीच वाटली. "भाऊ, जवाईबुवाइले सांगा, मनाले लावून घ्याचं नाई. कप्तान नवा हाये."

मग बंगळुरूचा डाव. सॉल्ट गेला, पाटीदार गेला, लिव्हिंगस्टन शून्यावर पायचीत होऊन आला तसा गेला. कोहलीने 30 चेंडूंत 54 केल्या आणि तोही गेला. बाराव्या षटकात 4 बाद 123. 52 चेंडूंत 105 हव्या. इकडून मयंक अगरवाल, तिकडून जितेश. आमच्याकडे त्याच वेळी लाइन गेली. लाइन जाण्याचं मला काही वाटत नाही, पण लाइनीबरोबर वाय-फाय जातं आणि वाय-फायबरोबर नातू बाहेर जातो. पुढची काही षटकं मी फक्त ओरडण्यावरून पाहिली. आमच्या गल्लीत चौकार आणि षटकार यांच्या आरोळीत फरक आहे. चौकाराला फक्त पोरं ओरडतात, षटकाराला म्हाताऱ्याही.

आणि मग ते सतरावं षटक. पुढे सगळा खटला चालला तो या एका षटकावर. गोलंदाज दिग्वेश राठी, बळी घेतला की तळहाताच्या वहीत नाव लिहून घेण्याबद्दल प्रसिद्ध. जितेश 49 वर. उलटा फटका मारायला गेला आणि झेल गेला. अमरावतीत दुःख आधी पोचलं. मग तिसऱ्या पंचाने फीत मागे-पुढे फिरवली आणि दिसलं की राठीचा मागचा पाय बाजूच्या रेषेला लागला आहे. नो-बॉल. पुढच्या फ्री हिटवर षटकार. अकोल्यात झेल पोचला तोवर अमरावतीत षटकार साजरा होत होता, आणि इवाई मला फोनवर "गेला, गेला!" सांगत असताना दुसऱ्या कानाला जवाईबुवांचा निरोप वाजत होता, "वाचला, वाचला!"

त्याच षटकात आणखी एक. जितेश गोलंदाजाच्या टोकाला होता आणि क्रीजच्या पुढे सरकला. राठीने चेंडू टाकायच्या ऐवजी वळून यष्ट्या उडवल्या आणि दाद मागितली. पुन्हा फीत. तिसऱ्या पंचाने पाहिलं, गोलंदाजाने आपली क्रिया पूर्ण करत आणली होती, तेव्हा हा धावबाद होत नाही. तिकडे पंतनेही दाद मागे घेतली आणि जाऊन जितेशला मिठी मारली. एका षटकात रेषेवरून दोन तंटे. एकात गोलंदाजाचा पाय धुऱ्यावर, दुसऱ्यात फलंदाजाचा धुऱ्याबाहेर. ज्या गावात कोण्या पटवाऱ्याच्या साखळीची एक कडी इकडे-तिकडे झाली म्हणून भाऊ-भाऊ बोलत नाहीत, त्या गावाला याहून गोड षटक मिळायचं नाही.

पुढे काय, 18.4 षटकांत 4 बाद 230. सहा गडी राखून. जितेश 33 चेंडूंत नाबाद 85, मयंक नाबाद 41. आठ चेंडू शिल्लक. बंगळुरूचे 19 गुण, पंजाबचेही 19, रनरेटने पंजाब वर, बंगळुरू दुसरं. गुजरात एका गुणाने खाली ढकललं गेलं.

कागदावर सहा गडी आणि आठ चेंडू म्हणजे काही काठावरचा विजय नव्हे, असं वाचणाऱ्याला वाटेल. मोजणी सुरू झाली ती इथूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी आलुबोंड्याच्या गाडीवर इवाई स्वतः हजर. खास अकोल्याहून आले होते. म्हणाले, मूर्तिजापुरात एक काम होतं. काम दिवसभर दिसलं नाही.

"भाऊ, 49 वर तो गेलता. गेलता का नाई?"

"नो-बॉल होता."

"टाच उलसाक लागली. उलसाक! आता त्या टाचेनं बॉलाले काय फरक पडला? तुमीच सांगा."

मी फोन लावून जवाईबुवांना दिला. तिकडून उत्तर आलं, "त्याइले म्हणा, गेला नाई न पण."

या उत्तरापुढे वकील काही करू शकत नाही. इवाई वकील नसल्यामुळे त्यांनी केलं. बरं, जितेशच्या 85 सोडा, बाकीच्या 145 कोणाच्या? कोहली दिल्लीचा, मयंक कर्नाटकाचा, सॉल्ट इंग्रज. म्हणजे अमरावतीचा वाटा फार तर तीन आणे... असं म्हणता म्हणता त्यांनी स्वतःच भागाकार केला, वाटा सहा आण्यांच्या जवळ निघाला, तेव्हा त्यांनी विषय बदलला आणि अकोल्याचा सातबारा काढला.

अकोल्याचा सातबारा काही हलका नाही. अथर्व तायडे अकोल्याचा. आदित्य ठाकरे अकोल्याचा. त्याच्या रणजी कारकिर्दीतली पहिली मॅच म्हणजे थेट अंतिम सामना. आणि दर्शन नळकांडे. तो जन्माने वर्ध्याचा, हे जवाईबुवा दर वेळी आठवण करून देतात आणि इवाई दर वेळी ऐकू न आल्यासारखं करतात. याच नळकांडेने 20 नोव्हेंबर 2021 ला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध डावाच्या शेवटच्या षटकात चार चेंडूंत चार बळी घेतले. लागोपाठ. असं सांगून इवाई थांबतात. ते थांबतात तिथे जवाईबुवा सुरू होतात, कारण ती मॅच विदर्भ हरला. किती धावांनी? चार.

चार चेंडूंत चार बळी आणि हार चार धावांनी. एवढा सुबक अन्याय क्रिकेटमध्येच होऊ शकतो.

पण न्यायाने बोलायचं तर कर्नाटकाचं आमच्याकडे जुनं येणं होतं. डिसेंबर 2017, रणजीची उपांत्य फेरी, कोलकात्याचं ईडन गार्डन. विदर्भ रणजी खेळायला लागला 1957 मध्ये आणि तोवर साठ वर्षांत एकदाही अंतिम सामना पाहिला नव्हता. पहिल्या डावात आम्ही 185, ते 301; त्यात करुण नायरच्या एकट्याच्या 153. म्हणजे मॅच गेलीच. दुसऱ्या डावात गणेश सतीश वगैरे मंडळींनी 313 पर्यंत ओढलं आणि कर्नाटकाला 198 हव्या झाल्या. चौथ्या दिवसाअखेर 7 बाद 111. पाचव्या सकाळी, 21 डिसेंबरला, विनयकुमार आणि मिथुन यांनी असे फटके मारले की जिंकलेली मॅच हातातून सुटत सुटत पार सहा धावांवर आली. शेवटची जोडी मैदानात, हव्या सहा. आणि रजनीश गुरबानीने शेवटचा गडी काढला. सर्वबाद 192. पाच धावांनी विजय. गुरबानीचे त्या डावात सात, मॅचमध्ये बारा. हा पोरगा सिव्हिल इंजिनिअर. आमच्याकडे इंजिनिअर झालेल्या पोराने काहीतरी वेळेत पूर्ण केल्याचं ते एक ठळक उदाहरण. पुढे इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने करंडकही घेतला, अंतिम सामन्यात गुरबानीची हॅट्ट्रिकसुद्धा झाली. पण नऊ गडी! ठेल्यावर अजूनही गोष्ट सांगतात ती ईडनच्या पाच धावांचीच.

तर 2017 मध्ये आपण पाचने जिंकलो, 2021 मध्ये ते चारने जिंकले. मी जोडून पाहिलं, कर्नाटकाच्या खात्यात विदर्भाची एक धाव अजून शिल्लक निघते. हा हिशेब मी दोघांनाही ऐकवला. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, की ती धाव नागपूरच्या नावावर जमा होईल.

हे आमचं खरं दुखणं. विदर्भ जिंकला की पेपरात फोटो नागपूरचा, मैदान जामठ्याचं, असोसिएशन 1930 पासून नागपुरात. हरला की मात्र विदर्भ म्हणजे आपण सगळे. 2025 च्या रणजी अंतिम सामन्यात केरळ आलं होतं. हे केरळवाले तर आमच्याही वरचे. उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात एका धावेची आघाडी घेऊन पुढे सरकले, उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांच्या. गुजरातचा शेवटचा फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून स्लिपमध्ये उडाला आणि झेल झाला. अशी माणसं वऱ्हाडात जन्मायला हवी होती. अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या 37 धावांवर विदर्भाने करंडक नेला. त्यात 86 आणि 135 करून मॅच बांधून ठेवणारा कोण? करुण नायर. तोच, 153 वाला. मधल्या काळात तो आमच्याकडे आला होता. ज्याच्या नावाने 2017 मध्ये बोटं मोडली त्याच्या नावाने 2025 मध्ये नारळ फोडला. पुढच्याच हंगामात तो परत कर्नाटकात गेला. नारळ परत मागता येत नाही.

आमचा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला हे सगळं कळवलं तर त्याने बेसबॉल काढला. तिकडेही हंगामाच्या अखेरीस तालिकेच्या टोकाला अशीच मारामारी असते आणि जिंकणाऱ्याला पताका मिळते. 1951 साली न्यूयॉर्कचा जायंट्स संघ ऑगस्टमध्ये ब्रुकलिनच्या डॉजर्सपेक्षा साडेतेरा सामने मागे होता. तिथून त्यांनी बरोबरी गाठली, तीन सामन्यांची जादा लढत झाली, तिसऱ्या सामन्याच्या अगदी शेवटच्या डावात बॉबी थॉमसन नावाच्या गड्याने चेंडू प्रेक्षकांत मारला आणि जायंट्स 5-4 जिंकले. पन्नास वर्षांनी, 2001 मध्ये, बाहेर आलं की जायंट्सनी मैदानाच्या टोकाच्या खोलीत दुर्बीण लावून समोरच्यांच्या खुणा चोरायची व्यवस्था केली होती.

हे मी ठेल्यावर सांगितलं. काकाजी म्हणाले, "पन्नास वर्स लागले? आपल्या इथं त्याच राती समजलं असतं." इथे असं काही नसतं तरीही समजलं असतं, हे मी मनात म्हणालो.

मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट आवडली. दोन्ही संघ एकाच शहराचे, हा या भागाचा, तो त्या भागाचा. त्या फटक्यानंतर सहा वर्षांत दोन्ही संघ गाव सोडून कॅलिफोर्नियाला निघून गेले. आणि भाचा म्हणतो, म्हातारी माणसं तिथे अजून भांडतात. इवाईंना हे फार पटलं. "म्हणजे वावर इकून टाकलं," ते म्हणाले, "आन धुरा रायला."

बंगळुरू त्या वर्षी जिंकलंच. 3 जूनला अहमदाबादेत, पंजाबविरुद्ध, सहा धावांनी. तिथेही जितेशच्या 10 चेंडूंत 24 होत्या, आणि समोर त्याचा जुना संघ. पण या सहा धावांवर मोजणी बसलीच नाही, कारण त्या खोट्या होत्या. शेवटच्या षटकात पंजाबला 29 हव्या होत्या, हेजलवूडने पहिले दोन चेंडू कोरे टाकले आणि खेळ तिथेच संपला. मग शशांक सिंगने जे चार चेंडू मारले ते हरलेल्या वावराचा दगड फेकून देण्यासारखे. आकडा फक्त जवळ आला. सहा धावांचा तो विजय लखनौच्या सहा गड्यांपेक्षा कितीतरी आरामाचा होता, आणि हे ज्याला कळतं त्यालाच आमच्या ठेल्यावर बसायला बाकडं मिळतं.

ऑक्टोबरात इराणी चषक झाला, जामठ्यालाच. अकोल्याच्या अथर्व तायडेच्या 143, विदर्भ 93 धावांनी विजयी. इवाईंनी मला फोन केला, मी जवाईबुवांना केला. ते म्हणाले, "मामाजी, आमी त्या दिवशी कामात होतो." मॅच पाच दिवस चालली होती.

पण इवाई खुशीत होते, त्याला कारण निराळं. नव्या हंगामात जितेश विदर्भ सोडून बडोद्याकडून खेळणार हे तोवर पक्कं झालं होतं. अमरावतीचं पोट्टं, बंगळुरूचा करंडक आणि रणजीला बडोदा. आता याचा सातबारा कोणाच्या नावावर चढवायचा, हे तर भूमी अभिलेखवालेही सांगू शकणार नाहीत. इवाईंनी लगेच निरोप दिला, "भाऊ, जवाईबुवाइले इचारा, बेलोऱ्यावरून बडोद्याले इमान हाये का म्हणा. नाईतर आमच्या अकोल्याहून रेल्वे हाये, सरळ सुरतेपर्यंत."

तो निरोप मी पुढे पाठवला नाही. दिवाळी तोंडावर होती आणि लेकीकडे जायचं होतं.